पार्लरमधली दुसरी बाटली

मागच्या आठवड्यात कपाट आवरायला काढलं तर सगळ्यात खालच्या फळीमागून एक खोकं निघालं, त्यात एकवीस बॉडी लोशन, एकूण एक तारीख उलटून गेलेले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर डीलर आला होता, बारावर दोन फ्री, आणि 38 हजारांचं बिल केलं तर वरून मिक्सर, आणि मी पण भुलले. मिक्सर अजून चालतोय, शेंगदाण्याचं कूट त्यातच करते, लोशन मात्र तसंच राहिलं. आता परभणीत थंडी असती किती दिवस, फार तर दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांत पण आमच्याकडच्या बायका खोबरेल चोळून मोकळ्या होतात. हे मला डीलरने सांगायला पाहिजे होतं का? मी इथलीच की. माहेर मानवत, सासर परभणी, 'बनी तो बनी नहीं तो परभणी' म्हणतात ते आमच्यासारख्यांसाठीच.

ते खोकं बघून वाटलं एकदा बसून लिहूनच काढावं, कारण आमच्या पार्लरवाल्या मैत्रिणींत सध्या दुसरा विषयच नसतो, आयब्रो आणि वॅक्सवर भागत नाही, गाळ्याचं भाडं वाढलंय, गल्लीगल्लीत पार्लर झालेत, मग प्रॉडक्ट ठेवा म्हणतात सगळे, ठेवले, पण विकायचे कसे. माझं पार्लर वसमत रोडला आहे, अकरा वर्षं झाली, तीन खुर्च्या, एक बेसिन, कामाला दोन मुली. पहिली सात वर्षं प्रॉडक्टमधून महिन्याला हजार-दीड हजाराच्या वर कधी सुटले नाहीत. आता बारा-चौदा हजार सुटतात, भाडं आणि लाईट बिल त्यातच निघतं. पुण्या-मुंबईच्या सलूनवाल्यांना हा आकडा वाचून हसू येईल, येऊ द्या.

आधी शोकेसचं सांगते, ते पटकन होईल. माझ्याकडे काचेचं शोकेस होतं, त्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि पर्स आतल्या खोलीत. चोरी होईल म्हणून. एकदा एक वहिनी काचेला बोट लावून बाटलीवरचं वाचायल्या होत्या, मी म्हटलं काढून दाखवू का, तर पटकन हात मागे घेतला, "नको नको, सहज बघितलं." काढून दाखवलं की घ्यावं लागंल ही भीती. किंमत पण लिहिलेली नव्हती आणि आपल्याकडं किंमत विचारली की अर्धं घेतल्यासारखंच असतंय, म्हणून बाया विचारतच नाहीत. मग काच काढून टाकली, साधी उघडी फळी केली, खुर्चीवर बसल्यावर डोळ्यासमोर येईल अशी, आणि प्रत्येक वस्तूखाली मोठ्या अक्षरात किंमत मराठीत लिहून चिकटवली. चार वर्षांत एक काजळ आणि एक लिपस्टिक चोरीला गेली. एवढंच.

पण खरं डोकं फिरवलं ते एका शिक्षिका बाईंनी. जिंतूरहून यायच्या. भाचीच्या लग्नाआधी त्यांनी केरॅटिन, म्हणजे केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट, करून घेतलं, साडेचार हजार रुपये. दीड महिन्यानं परत आल्या तर केस झाडूसारखे. पार्लरमध्ये चार बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर म्हणल्या, "मॅडम, चार-पाच महिने टिकतंय म्हणला होता ना तुम्ही?" मला घाम फुटला. मी विचारलं घरी शाम्पू कोणता लावता, तर म्हणल्या किराणा दुकानातलं पाऊच, जे असंल ते, आणि पाणी बोअरचं. मी म्हटलं, "अहो बाई, मग कसं टिकंल, त्याच्यावर बिनसल्फेटचा, म्हणजे सौम्य शाम्पू लागतो, नाहीतर केरॅटिन लवकर धुऊन जातं." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एकदम शांतपणे, वर्गात पोरांना विचारतात तसं विचारलं, "मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

त्यांच्या मागंच फळीवर त्या शाम्पूच्या सहा बाटल्या होत्या.

का नाही सांगितलं याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते चार बायकांत सांगता येईना. भीड वाटली होती. साडेचार हजार आत्ताच घेतलेत, आता परत सहाशेची बाटली घ्या कुठं म्हणायचं, बाईला वाटंल ही लुटायलीय. म्हणजे मी त्यांचे सहाशे वाचवायला गेले आणि साडेचार हजार पाण्यात घातले, ते पण बोअरच्या.

त्या बाईंना मी हेअर स्पा फुकट करून दिला, शाम्पूची बाटली पण दिली, पैसे घेतले नाहीत, आणि सोबत एक गोष्ट सांगितली जिला एक रुपया लागत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, नळाच्या तोटीला जो पांढरा थर बसतो आणि गीझरची कॉईल ज्याच्यामुळं जाते तेच केसावर पण बसतं. त्या पाण्यात फेस कमी येतो म्हणून बाया अजून शाम्पू ओततात, अजून केस रखरखीत होतात, मग तेल थापतात, मग ते तेल काढायला परत शाम्पू. मी म्हटलं, बाई, सगळं डोकं बोअरच्याच पाण्यानं धुवा, पण शेवटचे दोन मग जारच्या हलक्या पाण्याचे घ्या. प्यायला वीस लिटरचा जार तर घरोघरी येतोच. त्यांनी ते केलं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा शाळेतल्या दोन मॅडम सोबत घेऊन आल्या, आणि तिघींनी मिळून तीन बाटल्या विकत नेल्या.

तिथून मी बोलायला लागले. कधी बोलायचं हे पण चुकत चुकत कळलं. आधी मी काउंटरवर बोलायचे, बिल झाल्यावर, पर्स उघडलेली असताना, "ताई हे पण घेऊन जा की". तेव्हा बाईचं लक्ष पर्सच्या चेनवर असतं, ती लवकर लागावी म्हणून. आता मी बेसिनवर बोलते. डोकं बेसिनमध्ये, केसाला फेस, बाई कुठं जाणार. हातातली बाटली त्यांना दाखवते, हा लावतेय, याला असा वास आहे, तुमचे केस एवढे आहेत तर बोटाच्या दोन पेरांएवढा घ्यायचा, आधी हातावर चोळायचा, मग टाळूला, टोकांना नाही. आणि एवढी बाटली तुम्हाला किती दिवस जाईल ते सांगते. हे किती दिवसाचं सांगितल्यावर बाया उठूनच बसतात. सहाशे ऐकलं की महाग वाटतं, तीन महिने जाईल म्हटलं की मनातल्या मनात भागाकार चालू होतो. एवढं बोलून मी गप्प बसते आणि ड्रायर लावते. बाटली आरशासमोर तशीच असते. घ्यायची तर त्या स्वतः विचारतात. नाही विचारलं तर नाही.

हिशोब साधा आहे. खांद्यापर्यंतच्या केसाला एका वेळी साधारण 10 मिली शाम्पू, म्हणजे 250 मिलीची बाटली पंचवीस वेळा. आठवड्यातून दोनदा डोकं धुतलं तर बारा-साडेबारा आठवडे. मी एक दोनशे पानी वही केली, नाव, गाव, काय नेलं, कुठल्या तारखेला नेलं, कधी संपेल. अडीच महिन्यांनी वॉट्सअपला एक ओळ टाकते, "ताई, शाम्पू संपत आला असंल ना, केस कसे आहेत?" ऑफर नाही, गुलाबाच्या फुलाचा फोटो नाही, सुप्रभात नाही. केस कसे आहेत एवढंच. कधी उत्तर येतं की अजून अर्धी बाटली आहे, म्हणजे ती बाई लावतच नाही किंवा तिला आवडला नाही, मग मी फोन करते आणि विचारते. त्यातून जेवढं शिकले तेवढं डीलरच्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकले (तिथं समोसा चांगला असतो, ते खरं).

या वहीमुळं माझी मोजायची पद्धतच बदलली. पहिली बाटली मी आता धंद्यात धरतच नाही. पहिली बाटली बाई माझ्या भिडेपोटी पण घेते, ओळखीची आहे, मुलीच्या लग्नात मेकअप केलाय, नाही कसं म्हणायचं. दुसरी बाटली भिडेनं कुणी घेत नाही. मागच्या वर्षी एक सिरम ठेवलं होतं, त्यावर 40 टक्के सुटायचे, तीस बाटल्या गेल्या आणि मी लई खुश. वहीत बघितलं तर दुसऱ्यांदा फक्त चौघींनी नेलं. बंद केलं. शाम्पूवर कमी सुटतात पण चाळीस जणींतल्या सव्वीस जणी परत आल्या, मग माझा पैसा मी कुठं अडकवू ते सांगा.

सनस्क्रीनची गंमत तर वेगळीच. आमच्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, पोरी स्कूटीवर अशा निघतात की स्कार्फ, गॉगल, हातमोजे, ओळखायचं असंल तर गाडीच्या नंबरवरून. तरी सनस्क्रीन घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लावून बघितलं ताई, काही फरक नाही पडत." मी विचारते ट्यूब किती दिवस गेली. सहा महिने! कुणी तर वर्ष म्हणती. आता चेहरा आणि मानेला दोन बोटांवर दोन लांब रेघा काढल्यात एवढं लागतं, म्हणजे साधारण ग्रॅमभर, म्हणजे रोज एकदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवसांत संपायला पाहिजे. शेंगदाण्याएवढी टिकली लावायची आणि फरक नाही म्हणायचं. म्हणून मी आता टेस्टरची ट्यूब फोडून ठेवलीय आणि प्रत्येकीच्या बोटावर स्वतः रेघा काढून दाखवते, बाया म्हणतात "अगं बया, एवढं?" हो, एवढं. आणि पन्नास दिवसांनी वही उघडते.

एसपीएफचं, म्हणजे सनस्क्रीनच्या ट्यूबवर जो आकडा असतो त्याचं पण खरं तेच सांगते. 30 वालं उन्हातले जाळणारे यूव्हीबी किरण साधारण 97 टक्के अडवतं, 50 वालं 98 टक्के. कमी लावायची सवय असंल तर 50 बरं, पण हातात 30 वाली असंल तर ती फेकून नवी घ्या असं मी कुणाला म्हणत नाही. त्याच्या वरचे महागडे आकडे मी ठेवतच नाही. डीलर म्हणतो मॅडम तुम्हीच गिऱ्हाईक घालवायल्या. असू दे.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते, कारण चूक मोठी होती. मुलींना उत्साह यावा म्हणून मी दहा टक्के कमिशन चालू केलं, जे विकाल त्यावर. पहिल्या महिन्यात विक्री दुप्पट. दुसऱ्या महिन्यात एक नर्सिंगची पोरगी क्लिनअपला आली, हॉस्टेलवर राहणारी, तिला आमच्या मुलीनं चेहऱ्यावर हे आहे, नाकावर ते आहे, वय दिसायलंय, असं सांगून पाच वस्तू दिल्या, 1850 रुपये. एकोणीस वर्षांची पोर, तिचं कसलं वय दिसायलंय. दोन दिवसांनी तिची आई गावाकडून एसटीनं आली. भांडली नाही, एक शब्द वावगा बोलली नाही, नुसती कॅरीबॅग काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "मेसचे पैसे होते ओ ताई." मी सगळे पैसे परत दिले, फोडलेल्या वस्तूंचे पण, चहा पाजला, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुलीवर ओरडण्यात अर्थ नव्हता, नियम माझाच होता. आता कमिशन असंय, पहिल्या बाटलीवर तीन टक्के आणि त्याच गिऱ्हाईकानं तीच वस्तू परत नेली तर दहा. आता मुली स्वतःच म्हणतात, "ताई, ह्यांना नको ते, ह्यांच्या केसाला चिकट होईल." आणि खुर्चीत बसलेल्या बाईचा चेहरा आधीच पडलेला असतो, त्यात आपण अजून चार खोट काढायच्या नाहीत, हा दुसरा नियम. ती विचारंल त्याचंच सांगायचं.

काही गोष्टी विकायच्याच नाहीत हे पण लिहिते, नाहीतर कुणी म्हणेल विक्रीवर लिहितीय आणि गोरं करणाऱ्या क्रीमचं बोलत नाही. लेबल नसलेली छोटी पांढरी डबी, सात दिवसांत गोरं. दर आठवड्याला कुणी ना कुणी मागतं, लग्न ठरलेल्या पोरींच्या आया तर जास्त. यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. आठ-दहा दिवस चेहरा उजळतो, मग लाल होतो, पुरळ येतात, बारीक लव वाढते, आणि बंद केलं की अजून आग. 2018 ला सरकारनं चौदा प्रकारची स्टेरॉईड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, आणि डब्यात नुसतं मिसळून ठेवलेलं असेल तर त्याला चिठ्ठी तरी कशाची. ही डबी ठेवली असती तर माझा आकडा बारा हजाराचा वीस झाला असता, हे मला चांगलं माहीत आहे. एक मावशी रागानं निघून पण गेल्या, "दुसरीकडं मिळतंय" म्हणून. मिळतंय, खरंय.

किमतीचं बोलू. आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल, बाटलीचा फोटो काढतात आणि ऑनलाईन बघतात, "ताई, इथं तर साठ रुपये कमी आहे." आधी मी घाबरून लगेच दहा टक्के सोडायचे. मग एक दिवस आमच्या ह्यांनी कागदावर मांडून दाखवलं. 399 ची वस्तू मला 280 ला पडती, सुटतात 119. दहा टक्के सोडले की विकली 359 ला, सुटले 79. म्हणजे डिस्काउंट दहा टक्क्यांचा दिसतो पण माझ्या खिशातला तिसरा हिस्सा गेला, दोन वस्तूंवर जेवढं सुटायचं तेवढ्यासाठी आता तीन विकायच्या. तेव्हापासून एमआरपीच्या वर एक रुपया घेत नाही (ते कायद्यानं पण चालत नाही) आणि खाली पण येत नाही, त्याऐवजी चाळीस रुपयांची आयब्रो करून देते. मला दोरा आणि पाच मिनिटं लागतात, बाईला चाळीस रुपये वाचल्याचं समाधान, आणि ती परत पार्लरात येती ते वेगळंच. शिवाय ऑनलाईन आणलेला शाम्पू केसाला बसला नाही तर मोबाईलला विचारता येत नाही. मी फोडलेली बाटली पण आठ दिवसांत परत घेते, चार वर्षांत अकरा आल्या, त्या पार्लरमध्ये वापरून टाकल्या.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला तेव्हा महिनाभर डोक्याला ताप झाला. शाम्पू आणि केसाचं तेल 18 टक्क्यांवरून 5 वर आलं, पार्लरच्या कामावरचा पण 18 चा 5 झाला, पण क्रीम, सनस्क्रीन, लिपस्टिक 18 लाच राहिले. बाया पेपर घेऊन यायच्या, सगळं स्वस्त झालंय म्हणून, आणि माझी उलाढाल वर्षाला 20 लाखाच्या आत, माझा जीएसटी नंबरच नाही, मी कामावर टॅक्स लावतच नव्हते तर कमी काय करणार. शाम्पूचा भाव मात्र नव्या दरानं लावला, जुन्या मालावर खोडून लिहिलं, आणि फळीवर चिठ्ठी लावली की कशाचं कमी झालं आणि कशाचं नाही. ती चिठ्ठी वाचता वाचता बायांनी फळी जेवढी बघितली तेवढी कधी बघितली नसंल.

माल किती भरायचा याचं माझं कॅलेंडर आता डीलरच्या स्कीमवर चालत नाही. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला पैसा हातात आला की खेड्यातल्या बाया येतात, दसरा-दिवाळीच्या मधे, तेव्हा मोठ्या बाटल्या. पगारदार बाया एक ते दहा तारखेत. वीस तारखेनंतर फक्त छोटी साईज जाती, म्हणून 100 मिलीची बाटली मी कायम ठेवते, मार्जिन कमी असलं तरी. एप्रिल-मे मध्ये लिपस्टिक आणि काजळ कमीत कमी, दुपारी लाईट गेली की दुकानाची भट्टी होती, एका उन्हाळ्यात चौदा लिपस्टिक वाकल्या, पोरीनं फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सासूबाईंनी विचारलं हे कसलं आईस्क्रीम. उधारी वहीच्या मागच्या पानावर, एका घरात एकच बाटली, पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही, इथं मी कुणाची वहिनी नाही आणि कुणाची मैत्रीण नाही.

लिहिता लिहिता साडेनऊ झाले. मघाशी वसमतच्या एका मावशीचा फोन येऊन गेला, बासष्ट वय, मेंदी आणि शाम्पू एवढंच घेतात, पण तीन महिन्याला एक बाटली चुकत नाही. सुनेसाठी पण एक ठेव म्हणल्या, सूनबाई त्यांचीच चोरून वापरायलीय म्हणे. दोन्ही बाटल्या पेपरात गुंडाळून पिशवीवर नाव लिहून ठेवलंय, सकाळच्या काळी-पिवळीवाल्या दादाकडं द्यायच्यात. एकवीस लोशनचं खोकं अजून दारातच आहे, घंटागाडी आली की तेही घालवते.